स्मरणिका छापायच्या आधी ते लोखंडी कपाट उघडा

आपल्या हायस्कूलचं संचालक मंडळ, मुख्याध्यापक सर, गावची पंच कमिटी आणि माजी विद्यार्थ्यांची महोत्सव कमिटी, सगळ्यांना नमस्कार.

गावाचं आणि शाळेचं नाव मुद्दाम लिहीत नाही. ज्यांना कळायचं त्यांना पहिल्या चार ओळीत कळेल, बाकीच्यांनी आपापल्या गावचं हायस्कूल समजून वाचलं तरी चालेल, बेळगाव-खानापूर-निपाणीकडच्या बऱ्याच गावांत गोष्ट थोड्याफार फरकानं हीच असणार. मी १९९३ ची एसएसएलसी, म्हणजे दहावीची बॅच. कमिटीत निम्मे माझ्याच वर्गातले आहेत त्यामुळं अहो-जाहो करायला जरा जड जातंय, पण पत्र उघडं आहे म्हणून करते.

गेल्या आठवड्यात ग्रुपवर हीरक महोत्सवी स्मरणिकेची पीडीएफ आली, "कुणाला काही सुचवायचं असेल तर सुचवा" म्हणून. शंभरेक जणांनी अंगठे आणि नमस्कार टाकले. मी पूर्ण उघडून बघितली. आधी शुभेच्छा आणि पुढाऱ्यांचे फोटो, मग जाहिराती, मग परत फोटो, आणि मग "शाळेचा इतिहास" म्हणून एक पान, त्यातही अर्ध्या पानावर ड्रोननं काढलेला नव्या इमारतीचा फोटो. उरलेल्या अर्ध्या पानात "लावलेल्या रोपट्याचा आज वटवृक्ष झाला" हे वाक्य दोनदा आहे, एकदा सुरवातीला आणि एकदा शेवटी, मधे प्रमुख पाहुण्यांची नावं. पहिलं हसू आलं, मग वाईट वाटलं.

बरं त्या पानावर शाळेच्या स्थापनेचं जे साल दिलंय ते कमानीवरच्या सालाशी जुळत नाही, आणि ऑफिसात मुख्याध्यापकांची नावं लिहिलेला जो फळा आहे त्यावर तिसरंच साल आहे. ग्रुपवर मी विचारलं तर एकानं लिहिलं "ताई दोन-तीन वर्षांनी काय फरक पडतोय". फरक पडतो की! आणि गंमत म्हणजे तिन्ही सालं खरी असू शकतात. खेड्यातलं हायस्कूल एका दिवसात सुरू होत नाही. पहिल्या वर्षी फक्त आठवी, तीच पोरं पुढं सरकली की नववी, मग दहावी, म्हणजे पहिली बॅच बोर्डाला बसेपर्यंत तीन वर्षं जातात. या मधे कधीतरी सरकारी मान्यता येते, ग्रँट तर त्याच्याही नंतर, तोवर सरांना पगार म्हणजे कमिटीकडं जमेल तसा. मग स्थापना कशाला म्हणायचं? गावानं ठराव केला तो दिवस, मारुतीच्या देवळात पहिला तास झाला तो दिवस, का मान्यतेचा कागद हातात आला तो दिवस? हे ठरवायचं तर प्रोसिडिंग बुक, म्हणजे कमिटीच्या मीटिंगांची वही, उघडून बघायला लागतं. प्रोसिडिंग बुक आहे. ऑफिसच्या मागच्या खोलीत, हिरव्या लोखंडी कपाटात, वरून दुसऱ्या कप्प्यात. मी डोळ्यांनी बघितलंय, कसं ते पुढं सांगते.

शहरातल्या शाळांचं बघा. सेंट पॉल १८५६ ची, हे बेळगावात कुणीही सांगेल. १९१६ साली सात शिक्षकांनी मिळून एक शाळा काढली आणि तिथनं केएलई सारखी एवढी मोठी संस्था झाली, हे तर पोरांना पण माहीत असतं. लिंगराज कॉलेज १९३३. तिथं लिहून ठेवणारी माणसं होती, छापणारे होते, फोटो काढणारे होते. आपल्याकडं काय होतं? फोटो एकच, पहिल्या बॅचचा, त्यातही कडेच्या दोघांची तोंडं वाळवीनं खाल्लेली.

आणि आपल्या लोकांना इतिहास आवडत नाही असं पण नाही हं. १९४६ चं बेळगावचं साहित्य संमेलन, माडखोलकर अध्यक्ष, संयुक्त महाराष्ट्राचा ठराव, हे माझ्या आज्ज्याला तोंडपाठ होतं. १७ जानेवारीचा हुतात्मा दिन पाठ, बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं तो १ नोव्हेंबर १९५६ पाठ, सीमाप्रश्नाचं महाजन कमिशन १९६६ ला नेमलं आणि अहवाल १९६७ ला आला हे पाठ, सुप्रीम कोर्टात सीमेचा दावा २००४ सालापासून हे तर कट्ट्यावरच्या पोरांना पण पाठ. पण आपल्याच गावात आठवीचा पहिला वर्ग भरला तेव्हा किती पोरं होती हे विचारा, सगळे एकमेकांच्या तोंडाकडं बघतात. मोठ्या इतिहासाचं आपल्याला एवढं वेड, की घरातला इतिहास माळ्यावर पडून आहे त्याची शुद्ध नाही.

हायस्कूल यायच्या आधी आपल्याकडं सातवीला शिक्षण संपायचं. व्हर्नाक्युलर फायनल, म्हातारी माणसं "मुलकी" म्हणायची. मुलकी पास म्हणजे गावात मान, प्राथमिक शाळेत मास्तर होता यायचं. त्याच्या पुढं शिकायचं तर बेळगाव. ज्याचा मामा नाहीतर आत्या शहरात तो तिथं राहायचा, बाकीचे पहाटे डबा बांधून चालत. पावसाळ्यात आपल्या इकडचा पाऊस म्हणजे काय सांगायचं, ओढा भरला की शाळा बंद, ओढा उतरला की शाळा सुरू. पोरींचा तर प्रश्नच नव्हता. गावात हायस्कूल पाहिजे हे कुणा पुढाऱ्याच्या डोक्यातनं आलेलं नाही, ते या ओढ्यातनं आलंय असं माझा आज्जा म्हणायचा. तुमच्या मसुद्यात ओढा नाही.

आता कपाटाचं सांगते. दोन वर्षांपूर्वी माझ्या पासपोर्टसाठी नावाचा घोळ झाला, आधारवर एक स्पेलिंग, मार्क्सकार्डवर दुसरं, म्हणून टीसीची डुप्लिकेट काढायला मी शाळेत गेले. क्लार्क सर भले माणूस. त्यांना त्या दिवशी बीईओ ऑफिसला, म्हणजे तालुक्याच्या शिक्षण ऑफिसला, काहीतरी माहिती पाठवायची गडबड होती, त्यांनी जनरल रजिस्टर, सगळ्या पोरांची नावं दाखल असतात ते, माझ्या पुढ्यात ठेवलं आणि म्हणाले "मॅडम तुमचं नाव तुम्हीच शोधा". माझं नाव पाच मिनटात सापडलं. मी तिथनं उठले तीन तासांनी.

पहिली गोष्ट, निम्म्या गावाची जन्मतारीख १ जून. हे सगळ्यांना माहीत असलेलं गुपित आहे, पहिलीत नाव घालताना गुरुजींनी पोराचा हात डोक्यावरनं कानाला लावून बघितला आणि लिहिली तारीख, पण पानंच्या पानं एका खाली एक १ जून बघताना वेगळंच वाटतं. एवढ्या बायका एकाच दिवशी बाळंत झाल्या असत्या तर सुईणीचं काय झालं असतं!

दुसरी गोष्ट शिक्क्यांची. सुरवातीच्या पानांवरच्या मुलांच्या जन्मस्थळात मुंबई राज्य लिहिलंय, कारण ती १९५६ च्या आधी जन्मलेली, आणि त्याच पानावर शाळेचा शिक्का म्हैसूर राज्याचा. पुढं १९७३ नंतर शिक्का कर्नाटकाचा. आणि २०१४ नंतर बेळगावचं बेळगावी. माणूस जाग्यावरनं हललेला नाही, घर तेच, शेतवडी तीच, फक्त कागद बदलत गेला. सीमाप्रश्नावर एवढी भाषणं ऐकली आजवर, पण मला तो त्या एका पानावर जेवढा कळला तेवढा भाषणात कधी कळला नाही.

तिसरी गोष्ट शेवटचा रकाना. "शाळा सोडल्याचे कारण". हा रकाना वाचत गेले आणि मग माझं उठणंच झालं नाही. मुलांच्या पुढं "शेतीकाम", "नापास", "घरची अडचण", "मिलिटरी भरती". मिलिटरीचं आपल्याला नवल नाही, मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर बेळगावात, भरती निघाली की वर्ग रिकामा, पण एकाच घरातले तीन भाऊ ओळीनं तीन वर्षं त्याच कारणानं गेलेले दिसतात तेव्हा त्या घरात मनीऑर्डर यायच्या आधीचे दिवस कसे असतील ते डोळ्यासमोर येतं. मुलींची नावं शोधायला सुरवातीच्या पानांवर बोट खालपर्यंत न्यावं लागतं. सापडली की पुढं कारण एकच, "लग्न". काही ठिकाणी तर आठवीतच. एका ठिकाणी "लग्न" लिहून खोडलंय आणि वर "पुनःप्रवेश" लिहिलंय. ती कोण, परत कशी आली, सासरच्यांनी पाठवली का सोडून आली, कुणी भांडलं तिच्यासाठी, मला काही माहीत नाही. पण आपल्या शाळेच्या इतिहासाचं पहिलं पान लिहायचं झालं तर मी त्या खोडलेल्या शब्दापासनं लिहीन, ड्रोनच्या फोटोपासनं नाही.

पुढं पुढं तो रकाना बदलतो. "दहावी पास", "पुढील शिक्षणासाठी", मुलींच्या पुढं पण. माझ्या बॅचला वर्गात मुली बऱ्यापैकी होत्या, तरी आमच्यातल्या दोघींचं दहावीच्या परीक्षेआधीच ठरलं होतं. नंतर २००६-०७ ला सरकारनं आठवीच्या मुलामुलींना सायकली द्यायला सुरवात केली, तेव्हा वाडीवरच्या पोरी रांगेनं सायकलवर यायला लागल्या, हे मी स्वतः माहेरी आल्यावर बघितलंय. आणि २०२३ पासनं बायकांना बस फुकट झाली. कुठलं सरकार कुणाचं ते सोडा, हे सगळं पण शाळेच्या इतिहासात येतंय की नाही?

आता पावती पुस्तकाचं, कारण खरं बोलायचं ते इथं आहे. शाळेच्या दारात संगमरवरी फरशी आहे, देणगीदारांची. तिच्यावर नाव यायला ठराविक रकमेच्या वर देणगी पाहिजे होती. ती माणसं मोठीच, त्यांचं ऋण आहेच, त्याबद्दल वाद नाही. पण त्याच कपाटात रबर बँड कुजलेली पावती पुस्तकं आहेत, त्यात घरटी वर्गणी आहे. रोख ज्याला जमली त्यानं रोख, ज्याला नाही जमली त्यानं भात. मळणीच्या टायमाला कमिटीची बैलगाडी खळ्यावर फिरायची आणि ज्यानं त्यानं द्यायचं, असं आजी सांगायची. मला ती दंतकथा वाटायची, पावतीवर "भात" लिहिलेलं बघितलं तेव्हा पटलं. कुणी वासे दिले, कुणी कौलांची गाडी दिली, कुणी नुसतीच अंगमेहनत दिली. पायाचे दगड टेकडीवरनं काढले ते खालच्या आळीच्या लोकांनी, हे गावात सगळ्या म्हाताऱ्यांना माहीत आहे. त्यांनी दगड फोडले, वाहिले, रचले. फरशीवर त्या आळीचं एकसुद्धा नाव नाही. रोजगार घेतला होता का श्रमदान होतं, घेतला असला तर किती, हे खर्चाच्या किर्दीत असणार. स्मरणिकेत या लोकांना जागा नसेल तर मग ती स्मरणिका कुणाची? एवढं तरी आपण एकमेकांना विचारूया. मला माहीत आहे हा मुद्दा काहींना झोंबेल, झोंबू दे.

भाषेचं पण लिहिते, कारण मसुद्यात तो विषय असा टाळलाय की जसं काही आपली शाळा हवेत तरंगत होती. गोकाक समितीचा अहवाल १९८१ ला आला, हायस्कूलात कन्नड हीच पहिली भाषा करा म्हणून, १९८२ ला त्यासाठी कन्नड भागात मोठं आंदोलन झालं, आणि मग १९८६ च्या जूनमधे कन्नड सक्तीच्या विरोधात आपल्याकडं पेटलं, गोळीबार झाला, माणसं गेली, हिंडलग्याचं हुतात्मा स्मारक त्याचं. तेव्हा मी चौथीत. आमच्या घरातले मोठे रात्री रेडिओला कान लावून बसायचे आणि आम्हाला गप्प बसवायचे एवढं आठवतंय. हायस्कूलातल्या पोरांचं काय झालं, सरांना काय नोटिसा आल्या, कुठलं पुस्तक शिकवायचं यावर मीटिंगमधे काय बोलणं झालं, हे त्या वर्षीच्या प्रोसिडिंगमधे असेल तर ते छापलं पाहिजे. भिऊन उपयोग नाही, झालं ते झालं.

पण त्याच बरोबर हेही छापा, की आपल्याला कन्नड शिकवायला जे सर बैलहोंगल कडनं आले होते ते गावातच भाड्यानं राहिले, आमच्याशी मोडकं मराठी बोलत बोलत चांगलं मराठी शिकले, आणि एकाही पोराला "तुम्ही मराठी" म्हणून वेगळं वागवलं नाही. त्यांच्या तासाला आम्ही दंगा करायचो, काही जण तर घरनं सांगून पाठवलेले असायचे दंगा करा म्हणून. सर फळ्याकडं तोंड करून थांबायचे, मग परत वळून शिकवायचे. आज मी बँकेत काउंटरला बसते, दिवसभर कन्नड बोलते, ती नोकरी त्या सरांच्या जिवावर आहे. निरोप समारंभाला त्यांना शाल-श्रीफळ मिळालं नव्हतं, का ते कुणाला विचारू नका. मुख्याध्यापकांच्या फळ्यावर त्यांचं नाव येणार नाही कारण ते मुख्याध्यापक नव्हते. मग येणार कुठं? मराठीवरचं प्रेम आणि त्या सरांचं ऋण या दोन गोष्टी माझ्या मनात एकमेकींशी भांडत नाहीत, स्मरणिकेत पण भांडायचं कारण नाही.

आणि एक कटू गोष्ट. आज वर्गात पोरं कमी झालीत. पहिली भाषा मराठी, १२५ मार्कांची, ६२५ पैकी, ती लिहिणारी पोरं आपल्या गावात दरवर्षी घटतायत आणि रोज सकाळी गल्लीगल्लीत पिवळ्या गाड्या उभ्या राहतात इंग्लिश मीडियमच्या. माझी स्वतःची मुलगी त्याच गाडीतनं गेली. त्यामुळं मी कुणाला शहाणपण शिकवायला बसलेली नाही. पण इतिहास लिहिणार तर हे पण लिहायला लागेल, महोत्सवाच्या मांडवात मराठी शाळा वाचवायची भाषणं करणाऱ्यांच्या घरात मराठी शाळेत जाणारं पोर किती, हे मोजायचं धाडस असेल तर मोजा, माझ्या घरापासनं सुरवात करा.

आता हे सगळं आत्ता का लिहितेय, तर जुनी कौलारू बाजू पाडायचं ठरलंय असं कळलं. पाडा, मोडकळीला आलीय, पोरांच्या डोक्यावर कौल पडायच्या आधी पाडलेलं बरं. पण गेल्या महिन्यात तिथल्या एका खोलीतलं "जुनं सामान" रद्दीवाल्याला दिलं, आणि त्यात जुन्या हजेऱ्यांचे दोन गठ्ठे गेले. मी रद्दीच्या दुकानात जाऊन विचारून आले, तोवर लगद्याला गेले होते. जनरल रजिस्टर कायम जपायचं रेकॉर्ड आहे, त्याला कुणी हात लावणार नाही हे मला माहीत आहे. माझी काळजी बाकीच्यांची आहे. हजेरी, पावत्या, किर्दी, प्रोसिडिंग, तपासणीला आलेल्या साहेबांचं शेरेबुक, ते तर वाचायला फार मजेदार असतं, यातल्या ज्यांची मुदत संपते ती ऑफिसच्या हिशेबानं रद्दीच. आपल्यासाठी नाही.

करायचं काय ते फार अवघड नाही. महोत्सवाच्या खर्चात एक एलईडी स्क्रीन कमी करा. कागद उन्हात टाकू नका, सावलीत वाऱ्याला ठेवा. फाटक्या पानाला सेलोटेप लावू नका आणि लॅमिनेशन तर अजिबात नको, मागं शाळेचा जुना नकाशा असाच लॅमिनेट करून पिवळा जर्द झाला. मोबाइलवर सरळ वरनं फोटो काढायचे, पान नंबर सकट, आणि दोन ठिकाणी ठेवायचे. दहावीची पोरं हे आपल्यापेक्षा चांगलं करतील. पहिल्या बॅचची जी माणसं अजून हयात आहेत त्यांच्या घरी जाऊन बोलतं करायचं, रेकॉर्डिंग करायचं, स्टेजवर बोलवून नाही, स्टेजवर सगळे आभार मानतात. उंबऱ्यावर बसवून विचारायचं. आणि सालाचा वाद मिटत नसेल तर बेळगावात जाऊन जुना तरुण भारत चाळायचा, १९१९ पासनंचा पेपर आहे, बाबूराव ठाकूरांनी काढलेला, आपल्या भागातल्या हायस्कूलच्या उद्घाटनाची चार ओळींची बातमी त्यात सापडायला हरकत नाही.

एक मात्र सांभाळा. रजिस्टरमधली नावं तशीच्या तशी छापू नका. जात, नापास, लग्न, घरची अडचण, हे ज्याचं त्याचं खाजगी आहे, त्यातली बरीच माणसं अजून आपल्या गल्लीत बसलेली असतात. रकाना काय सांगतो ते लिहा, कुणाचा रकाना ते लिहायचं नाही. त्या पुनःप्रवेशवाल्या बाईंना सुद्धा आधी शोधायचं, विचारायचं, त्या हो म्हणाल्या तरच.

स्मरणिका एक महिना उशिरा निघाली तर आभाळ कोसळणार नाही, महोत्सवाच्या दिवशी नुसती पत्रिका वाटा. मी दर रविवारी येऊ शकते, माझ्या बॅचच्या आणखी तिघी तयार आहेत, एकीचा नवरा कुरकुर करतोय पण ती येणार. चहाचं आम्ही बघू.

फक्त कपाटाची किल्ली कुणाकडं आहे तेवढं ग्रुपवर टाका. शिपाई मामांना विचारलं तर ते म्हणाले कमिटीकडं. कमिटीला विचारलं तर म्हणाले ऑफिसात. ऑफिसात विचारलं तर म्हणाले शिपाई मामांकडं असणार की.

आपलीच,
१९९३ बॅच, 'ब' तुकडी, खिडकीकडचा तिसरा बेंच